अनुराधापूरचा फाटा

“तोंड नका चालवू. हात वर करा.”

असं म्हणून त्या आधी स्वतःचा हात वर करायच्या. डावा. उजव्या हातानं बसमधला दांडा धरलेला असायचा. पांढरी सुती साडी, पायात मुलानं घेऊन दिलेले पळायचे बूट, आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा भाव. एसी कमी करायचा का, चहाला इथं थांबायचं का पुढं, असला कुठलाही वाद पेटला की त्या उठून उभ्या राहायच्या. हात मोजायच्या, निकाल सांगायच्या आणि खाली बसायच्या. मग त्या विषयावर कुणी चकार शब्द काढलेला त्यांना चालायचा नाही.

मी लातूरच्या एका लहानशा यात्रा कंपनीत टूर मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे हातात झेंडी घेऊन पुढं चालणारा आणि सगळ्यांच्या बीपीच्या गोळ्यांची आठवण ठेवणारा माणूस. तुम्ही कधी अशा सहलीला गेला असाल, तर आमच्यासारखे पाहिलेच असतील. आम्हीही तुम्हाला पाहत असतो. चार दिवसांत माणूस घरात कसा वागत असेल ते कळतं. या बाईंचं नाव मी लिहिणार नाही. बसमध्ये त्यांना सगळे ‘सरपंचबाई’ म्हणायचे, तेच इथंही चालू द्या.

आमच्या कंपनीनं त्या वर्षी श्रीलंकेच्या एकाच सहलीची दोन पत्रकं छापली होती. एकावर सीतामाईची अशोकवाटिका होती, दुसऱ्यावर अनुराधापूरचा बोधिवृक्ष. एक पत्रक काही गल्ल्यांत वाटलं, दुसरं दुसऱ्या गल्ल्यांत. आमचे मालक याला धंद्याची हुशारी म्हणत. माणसं मात्र शेवटी एकाच बसमध्ये बसली. अशोकवाटिकेवाले भरपूर होते. अनुराधापूरचं पत्रक घेऊन आलेली तिघंच. उदगीरचं एक जोडपं आणि या.

नांदेडहून हैदराबादच्या विमानतळाकडे निघालो, तेव्हाच पहिलं भांडण झालं. देगलूरचे एक निवृत्त गुरुजी पहिल्या सीटवर रुमाल टाकून बसले होते. मला मळमळतं, म्हणाले. मळमळणारी आणखी पाच-सहा माणसं लगेच तयार झाली. मी मधे पडलो तर माझंही कुणी ऐकेना. तेव्हा मागच्या सीटवरून ही पांढरी साडी उठली.

“रोज सकाळी एकेक ओळ पुढं सरकायचं. पुढचे शेवटाला. पटतंय का? तोंड नका चालवू. हात वर करा.”

सगळ्यांनी केले. गुरुजींनीही केला, बहुधा नीट ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते शेवटच्या सीटवर गेले आणि तिथून ओरडले, “हा कुठला कायदा म्हणायचा?”

“तुमचा हात वर हुता गुरुजी. मी बगितला.”

“अहो, मी पंखा बंद करत होतो.”

“मंग पुढच्या बारीला पंख्याला दुसरा हात लावा.”

त्या खरोखरच सरपंच होत्या. मुखेडकडच्या एका गावात, राखीव जागेवर, दीड-दोन वर्षं. मग अविश्वासाचा ठराव आला. ती गोष्ट त्या हसत हसत सांगायच्या. “हात वर करून बसवलं, हात वर करून उठवलं. खुर्ची तीच, हात बी तेच. तहसीलदार साहेबांचा चष्मा घरी राह्यला हुता, म्हणून मीच मोजून दिले. आमच्या भावकीतला एक हात बी त्यात हुता.”

“राग नाही आला?” मी विचारलं.

“आला की. पर नियमानं गेले ना मी. धक्के मारून काढलं असतं तर येगळं.” मग म्हणाल्या, “आमचं सगळं नियमावर उभं हाय, मॅनेजर. नियम गेला की आमी गेलो.”

श्रीलंका त्यांना फार आवडली. कोलंबोहून आत निघालं की दोन्ही बाजूंना नारळ आणि भातखाचरं, मधेच एखादं कमळांनी भरलेलं तळं. पांढऱ्या कपड्यातली शाळेची मुलं रांगेनं चाललेली. आणि चौकाचौकात काचेच्या पेटीत बसलेली बुद्धमूर्ती. पहिल्या दिवशी त्या प्रत्येक मूर्तीला हात जोडत होत्या. हात खाली येतात न येतात तोच पुढचा चौक. मागून गुरुजी म्हणाले, “सरपंचबाई, हाताला जरा सुट्टी द्या. हे तर आपल्याकडच्या पानटपरीसारखे आहेत.”

“असू द्या. पानटपरीला तुमी बी थांबताच की.”

बस हसली. गुरुजीही हसले. वाईट माणूस नव्हता तो. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढं जे झालं त्यात कुणी वाईट माणूस सापडला असता तर मला सोपं गेलं असतं. आमचा ड्रायव्हर सिंहली होता आणि त्याचं नाव सुनील होतं. एवढ्यावर सगळी बस त्याच्या प्रेमात पडली होती. सरपंचबाई त्याला शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी द्यायच्या. तो डोळ्यांतून पाणी काढत खायचा आणि “गुड, गुड” म्हणायचा.

पुढच्या सीटची त्यांची पाळी आली, त्या दिवशी त्या माझ्याशेजारी होत्या. रस्त्याकडेला एक मोठा पिंपळ गेला. त्याला दगडी पार होता आणि पारावर दोन म्हाताऱ्या पाय पसरून बसल्या होत्या. बाई मान वळवून मागं पाहत राहिल्या.

“आमच्या गावात बी हाय असा,” त्या म्हणाल्या. “पंचायतीच्या म्होरं. माझा बाप त्याच्या बाजूनं आयुष्यभर गेला, कधी टेकला न्हाई. मी सरपंच झाले तवा एक दिवस जाऊन बसले. कोणी उठ म्हणलं न्हाई. पर जे बसले हुते ते एकेक करून उठून गेले. मी एकलीच राह्यले. मंग काय बसायचं, तुमीच सांगा.”

माझ्याही गावात पार आहे. आमची जमीन त्याच्या पलीकडं लागते. मी लहानपणापासून त्या पारावर बसत आलोय, आणि तिथं कोण बसत नाही, हे मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिलंच नव्हतं.

त्या बोधगयेला एकदा जाऊन आल्या होत्या. “तिथं गर्दी. शिपाई म्हणतंय, पुढं चला, पुढं चला.” मग त्यांना कुणीतरी सांगितलं की त्या मूळ झाडाची फांदी राजाच्या लेकीनं समुद्रापार नेली होती, ती अनुराधापूरला लावली, आणि ते झाड अजून आहे. तिथं माणसं दिवस दिवस वाळूत बसून राहतात, कुणी उठवत नाही. “बाईनं नेलेलं झाड हाय ते,” असं त्या मला चार वेळा तरी म्हणाल्या असतील. “मला काय मागायचं न्हाई तिथं. नुसतं बसायचं हाय.”

एवढंच त्यांचं मागणं होतं. बसमधल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मला सर्वांत जास्त.

आता अडचण सांगतो. हैदराबादला आमचं विमान बिघडलं आणि निघायलाच एक दिवस गेला. सहा दिवसांच्या सहलीतला एक दिवस गेला म्हणजे एक ठिकाण गेलं. दंबुल्लाला मुक्कामी पोचल्यावर मी मालकांना फोन केला. अशोकवाटिका काढणं शक्य नव्हतं, सगळी बस त्यासाठीच आली होती. राहिलं अनुराधापूर, ज्यासाठी उत्तरेला जाऊन परत यायला अख्खा दिवस लागणार होता. नाहीतर मग शेवटचा समुद्रकिनारा.

मालक म्हणाले, “लोकांनाच विचार. म्हणजे आपल्यावर येत नाही.”

मी सकाळी बसमध्ये माईक घेतला आणि विचारलं. मला निकाल माहीत होता. तिघांचे हात एका बाजूला आणि उरलेली बस दुसऱ्या बाजूला. ज्या गोष्टीसाठी एखाद्यानं सहल घेतली, ती गोष्ट मताला टाकायची नसते, एवढी अक्कल मला होती. पण त्या बसला मतं घेण्याची सवय लागली होती आणि ती सवय मला त्या सकाळी फार सोयीची वाटली.

कुणी कुणाकडं पाहीना. मग मागून गुरुजी म्हणाले, “सरपंचबाई, नियम तुमचाच. तोंड नका चालवू, हात वर करा.”

सगळे हसले. त्याही हसल्या. उठून पुढं आल्या, दांडा धरला. म्हणाल्या, “अनुराधापूर,” आणि हात वर केला. उदगीरच्या नवरा-बायकोनं केला. मग म्हणाल्या, “समुद्र.” मोजायची काही गरज नव्हती. पण त्या मधल्या वाटेनं शेवटपर्यंत गेल्या आणि एकेका सीटजवळ थांबून हात मोजले. काही जणांनी त्या जवळ आल्यावर हात जरा खाली घेतला. “नीट करा वर,” त्या म्हणाल्या, “न्हाईतर मोजता येत न्हाई.”

पुढं येऊन त्यांनी सांगितलं, “समुद्र झाला.”

उदगीरचे गृहस्थ तावातावानं उठले. “असं कसं, पत्रकात छापलंय. आम्ही त्याच्यासाठी आलोय. मॅनेजर, हे चालणार नाही.” ते बरोबर बोलत होते. त्यांनी अजून दोन मिनिटं ताणलं असतं तर मी मालकांना पुन्हा फोन केला असता, काहीतरी निघालं असतं. पण सरपंचबाईंनी त्यांना खाली बसवलं.

“तुमी हात वर केला ना, दादा? मंग झालं. हरल्यावर पत्रक काढायचं नसतंय.”

दंबुल्लातून निघताना एका पेट्रोलपंपावर बस थांबली. समोरच फाटा होता. एक रस्ता कँडीला, एक अनुराधापूरला. तीन लिप्यांमधला मोठा फलक. लोक शहाळी प्यायला उतरले. बाई सुनीलशी काहीतरी बोलताना मला दिसल्या. भाषा नव्हती, हातवारे होते. त्यानं रस्त्याकडं बोट केलं, मग समोर थांबलेल्या एका लाल बसकडं. त्या माझ्याकडं आल्या.

“मॅनेजर, तो म्हणून राह्यला की सरकारी बस जाती. लाल हाय, आपल्या एसटीवानी. मी बसून जाते. तुमी पुढं चला, मी संध्याकाळपस्तोर कँडीला येते. तेवढा माझा पासपोर्ट द्या आन हाटेलाचं नाव लिहून द्या.”

सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या बॅगेत होते, आमची पद्धतच ती.

“मावशी, एकट्या कशा जाल? भाषा येत नाही.”

“सुनीलची कुठं येती? बोलले की.”

“काही झालं म्हणजे?”

“काय होतंय? अख्खी जिंदगी एसटीनं फिरले.”

मी घाबरलो होतो, हे खरं आहे. त्यांचं वय, गुडघे, त्यांचा नांदेडचा मुलगा, माझी नोकरी, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. त्यांच्याबरोबर सुनीलच्या ओळखीचा कुणी देता आला असता. उदगीरच्या जोडप्याला विचारता आलं असतं, ते तर उडी मारून तयार झाले असते. हे सगळं मला नंतर सुचलं असं मी बराच काळ लोकांना सांगायचो. खरं म्हणजे ते मला तिथंच सुचलं होतं. पण एकदा तिघांना सोडलं की चौथा म्हणणार मला खरेदीला सोडा, आणि सहल हातातून जाणार. त्यांना समजावत बसायचं नव्हतं मला. झटकन मिटवायचं होतं. आणि त्यांना झटकन कशानं गप्प करता येतं, ते चार दिवसांत मला कळलेलं होतं.

“परदेशात ग्रुप सोडता येत नाही, मावशी. नियम आहे.”

“कुणाचा? आपल्या सरकारचा का इथल्या?”

“दोन्हींचा.”

त्यांनी एकदा लाल बसकडं पाहिलं. “असं हाय व्हय,” म्हणाल्या. “मंग बरोबर हाय.” आणि जाऊन त्यांच्या त्या दिवसाच्या सीटवर, अगदी मागच्या, बसल्या.

असा कुठलाही नियम नाही. ना इकडं, ना तिकडं.

कँडीला त्या सगळ्यांबरोबर फिरल्या. बुद्धांचा दात जपलेल्या दंतधातूच्या मंदिरात शांतपणे हात जोडून आल्या. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “झालं की, एवढं मोठं मंदिर बघितलं. उगीच आपल्या जिवाला लागलं होतं.” मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. त्याच दिवशी, मंदिराशेजारच्या तळ्याच्या कठड्यावर बसलो असताना, त्यांनी मला विचारलं, “तुमी अनुराधापूरला गेलाव ना मागं? कसं हाय सांगा.”

मी सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं, जणू काही परतफेड करत होतो. झाड उंच ओट्यावर आहे, भोवती सोनेरी कठडा. एक जुनी फांदी फार वाकलीय, तिला सोनेरी टेकू दिलेत. खाली पांढरी वाळू, अनवाणी चाललं तरी सावलीत पाय भाजत नाहीत. पांढऱ्या कपड्यातली माणसं भिंतीला टेकून बसलेली असतात. वारा आला की आधी पानं ऐकू येतात, मग हलताना दिसतात. त्यांनी एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली. कठडा किती उंच, वाळू बारीक का भरड, पान खाली पडलं तर उचलू देतात का. मला वाटलं, म्हातारीचं मन रमलं.

समुद्रावर त्या बायकांबरोबर पाण्यात उतरल्या. लाट आल्यावर ओरडल्यासुद्धा. गुरुजी त्यांच्यासाठी शहाळं घेऊन गेले, तेव्हा म्हणाल्या, “द्या. ठरावात नव्हतं, पर घेते.” मी लांबून पाहिलं आणि माझं ओझं उतरलं. किती सहज उतरतं बघा.

परत आल्यावर त्यांचा एकदा फोन आला. “मॅनेजर, पुन्हा कवा नेता?” मी म्हणालो, पावसाळा संपू द्या. पावसाळा संपला, तेव्हा त्यांचे मूत्रपिंडाचे उपचार सुरू झाले होते. दवाखान्यानं प्रवासाला नाही म्हटलं. हे मला त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. भेटून यावं, असं मनात आलं होतं. लातूरहून नांदेड काही लांब नाही. पण मी गेलो नाही.

पुढच्या वर्षी त्या वारल्याचं मला सहलीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कळलं. गुरुजींनी टाकलं होतं. गुरुजींचा गुडघा धरला होता, म्हणून मी एकटाच एसटीनं नांदेडला निघालो.

विष्णुपुरीच्या बाजूला त्यांच्या गल्लीत एक लहानसं बुद्धविहार आहे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिथंच होता. त्यांचा फोटो, समोर मेणबत्त्या, खाली सतरंजीवर गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसलेली. मी दारापाशी चपला काढत होतो तेवढ्यात त्यांच्या मुलानं मला ओळखलं आणि हात धरून आत नेलं. “हे ते सर,” तो सगळ्यांना म्हणाला. “आईला अनुराधापूरला घेऊन गेले होते.”

मला वाटलं, त्याची बोलण्यात चूक झाली. श्रीलंकेला म्हणायचं असेल.

पण बायका माझ्याकडं वळल्या होत्या. एकजण म्हणाली, “आमाला लई सांगायच्या ताई. सोन्याचा कठडा हाय म्हणे. फांदीला टेकू दिलेत म्हणे.” दुसरी म्हणाली, “पांढरी वाळू. बारीक. पाय भाजत न्हाईत.” शेजारची एक मुलगी म्हणाली, “वारा आला की पानं आधी ऐकू येतात.” माझी वाक्यं होती ती. तळ्याच्या कठड्यावर बसून मी सांगितलेली, एकेक, जशीच्या तशी.

मी मुलाकडं पाहिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. ज्या बाई हरल्यावर पत्रक काढू देत नव्हत्या, त्यांनी घरी येऊन स्वतःच्या मुलाला आणि सगळ्या गल्लीला हे सांगितलं होतं. कशासाठी, ते मी अजून नीट सांगू शकत नाही. त्या सहलीला निघाल्या तेव्हा ही सगळी गल्ली त्यांना पोचवायला आली होती, तेवढं मला आठवलं. या माणसांपुढं जाऊन पुन्हा एकदा, मला तिथं बसू दिलं नाही, असं सांगणं त्यांना नको झालं असेल.

“सर, दोन शब्द बोला,” मुलगा म्हणाला आणि माझ्या हातात माईक दिला.

माईक धरायची मला सवय आहे. मी बोललो. त्या शिस्तीच्या होत्या, बसमध्ये त्यांच्यामुळं भांडणं झाली नाहीत, असं काहीतरी. लोक ऐकत होते, पण वाट दुसऱ्याच गोष्टीची पाहत होते. शेवटी पुढं बसलेली एक म्हातारी, त्यांच्याच वयाची, म्हणाली, “ते झाडाचं सांगा की भाऊ. ती बसली हुती का तिथं?”

खरं सांगायची ती जागा होती. मी तेच सांगायला आलो होतो, असं मला वाटत होतं. निदान मुलाला तरी, कोपऱ्यात घेऊन.

“हो,” मी म्हणालो. “बसल्या होत्या.”

“लई येळ?”

“खूप वेळ. मीच म्हणालो, बसा मावशी, घाई नाही. बस थांबेल.”

म्हातारीनं मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं आणि मान हलवली. कुणीतरी डोळ्यांना पदर लावला. मुलानं माझ्या हातातला माईक घेतला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि एका पोराला खूण केली. पोरानं कुठूनशी एक प्लास्टिकची खुर्ची आणली. सगळे खाली सतरंजीवर होते. खुर्ची फोटोच्या शेजारी ठेवली.

“बसा सर,” मुलगा म्हणाला.

मी बसलो.